टँगोतली निघून गेलेली बाई

भुसावळला गाडी सुटायच्या आधी नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जावयाच्या हातात केळीच्या वेफर्सची पिशवी दिली आणि तोंड फिरवलं. माय डब्याच्या दाराशी माझं मनगट धरून उभी होती. "जाय, पन येत राहजो," एवढंच म्हणाली.

आपल्या रावेरहून तुम्ही गाववाले कोणी पुण्याला गेलात, कोणी सुरतेला. मी नवऱ्याच्या नोकरीमागे ब्युनोस आयर्सला आले. तिकडे उन्हानं केळीची पानं करपतात, तेव्हा मी इथे स्वेटर शोधत असते.

भाषा शिकवायला शेजारच्या एल्साबाई भेटल्या. निवृत्त शिक्षिका. जुनी टँगो गाणी लावून शिकवायच्या. टँगो म्हणजे लाल झगा आणि नाच, एवढंच मला माहीत. गाणी बघावीत तर सगळी रडकी. कुणाला बाई सोडून गेलेली, कोपऱ्यावरचा दिवा मिणमिणतोय, म्हातारी आई खिडकीत बसलेली.

"यांच्या सगळ्यांच्या बायका पळूनच जातात का?" मी विचारलं.

एल्साबाई हसल्या नाहीत. त्यांचे आजोबा इटलीहून बोटीनं आले होते, परत कधीच गेले नाहीत. "बऱ्याचदा ती बाई नसतेच," त्या म्हणाल्या. "मागं राहिलेलं गाव असतं. गावासाठी रडायची पुरुषांना लाज वाटायची. बाईसाठी चालायचं." दिवा म्हणजे सरलेलं तरुणपण. बार्रिओ, म्हणजे मोहल्ला, हा आईचाच दुसरा चेहरा. आणि परत येणाऱ्याचं सगळ्यात वाईट. त्याला गल्ली ओळखू येते, गल्लीला तो नाही.

मला ते नाटकी वाटलं. मी त्यातली क्रियापदं तेवढी शिकून घेतली.

मग नाना गेले. मला पोचता आलं नाही. त्यानंतर माय विसरायला लागली. आधी गॅस, मग नावं. व्हिडिओ कॉलवर माझा चेहरा दिसला की गप्प बसायची. गेल्या मे महिन्यात मी रावेरला गेले.

"माय, कोन आलं पाह्य," भाऊ म्हणाला.

तिनं पदर डोक्यावर घेतला, पाहुण्यांसाठी घेतात तसा. "बसा. चहा टाक रे यायले."

मी खाटेवर टेकले. ती मायेनं बोलू लागली. "माही पोरगी बी तुमच्याच वयाची शे. लय दूर दिली तिले."

"मीच आहे माय."

तिनं माझ्याकडे अवघडून पाहिलं. भाऊ उठून बाहेर गेला.

सुट्टी संपेपर्यंत मी रोज सांगत राहिले. तिचे केस विंचरले, भाकरीचे तुकडे दुधात कुस्करून भरवले. ती दरवेळी म्हणायची, "देव तुमचं भलं करो." निघाले त्या दिवशी तिनं मला जवळ बोलावलं. "तिकडे माही पोरगी भेटली तं सांगजा. ऊन उतरल्यावर ये म्हना."

"सांगते," मी म्हटलं.

परतल्यावर एल्साबाईंकडे गेले, तर गाणं चालूच होतं. आता शब्द न् शब्द कळत होता. मी ते बंद करायला सांगितलं. त्यांनी ते बंद केलं, केटली गॅसवर ठेवली.

भाऊ अजून फोन करतो, दिवाळीला ये म्हणतो. मी हो म्हणते. माझं घर म्हणजे आता जिथं माय माझी वाट बघते, ते. तिच्या शेजारी जाऊन बसले, तरी ती वाट बघतच राहते.