बिदामीची टिचकारी

बिदामी सासऱ्यांशी एकोणतीस वर्षांत एक शब्द बोलली नव्हती. त्यात नवल काही नाही, मारवाडातल्या खारडी गावात कुठलीच बीनणी, म्हणजे सून, सासऱ्याशी बोलत नाही. ओढणी हनुवटीपर्यंत ओढायची आणि जीभ टाळूला लावून टिचकारी वाजवायची. एक टिचकारी म्हणजे नाही, दोन म्हणजे हो. "बीनणी, बाजरीचा सोगरा झाला का?" टिच्‌ टिच्‌. "ताक उरलंय?" टिच्‌. एवढ्यावर संसार होतात हो! उलट बरे होतात.

फरक इतकाच, की बाकीच्या सुना टिचकारत रीत म्हणून आणि बिदामी टिचकारायची दावा म्हणून. तिची 'नाही' अशी वाजे की ओसरीवरची चिमणी उडून जावी.

कारण होतं ना. ही पोर हाडोतीतली, राजस्थानच्या पार दुसऱ्या टोकाची, बारांकडची. वऱ्हाड दोन दिवस गाडीत घुसमटून मारवाडात पोचलं. उंबऱ्यावर उभी राहिली तेव्हा घसा कोरडा पडलेला. नणंदेला हळूच म्हणाली, "पाणी छै?" म्हणजे, पाणी आहे का? झालं! सासरे भींवराजजी शाळामास्तर, सगळं गाव त्यांना माटसाब म्हणे. त्यांचे कान मांजराचे.

"छै? हे छैछै काय असतं?" ते चाळीस पाव्हण्यांसमोर म्हणाले. "भाषा म्हणजे आमची मारवाडी. बाकीचं सगळं खरकटं!"

पाव्हणे पोट धरून हसले. पाणी मिळालं, पण हसू ओसरल्यावर. गल्लीतली पोरंटोरं वर्षभर तिला 'छैछै काकी' म्हणत होती. बिदामीनं त्या दिवशी मनाशी गाठ मारली. माटसाब त्याच तोंडानं तिच्या बोलीला भाषा म्हणत नाहीत, तोवर तिच्याकडून त्यांना फक्त टिचकारी.

आता देवाची गंमत बघा. माटसाब निवृत्त झाले आणि त्यांना शब्दांचं वेड लागलं. सगळ्या राजस्थानच्या बोलींचा कोश करायचा! चौदा वर्षं पारावर बसून म्हाताऱ्यांकडून शब्द गोळा केले. जोधपूरच्या छापणाऱ्यानं बाड बघितलं आणि अखातीजेपर्यंतची, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंतची मुदत देऊन परत धाडलं. सोबत चिठ्ठी: यात हाडोतीचा एक शब्द नाही, बायकांचा तर नाहीच. ते घाला, नाहीतर छापत नाही.

माटसाबांनी चिठ्ठी तीनदा मोठ्यानं वाचली. मग स्वैपाकघराच्या भिंतीकडे बघितलं. भिंतीपलीकडे बिदामी कैर-सांगरीची भाजी परतत होती, आणि जरा जास्तच जोरात उलथणं आपटत होती. तिला सगळं ऐकू आलं होतं.

त्यांनी बायकोला मध्ये घातलं. "हिला म्हणावं, माहेरचे शब्द सांग."

सासूबाई सरुपीबाई आत गेल्या नि बाहेर आल्या. "ती म्हणते, सासऱ्यासमोर तोंड उघडायची रीत नाही. रीत तुमचीच आहे म्हणते."

"मग लिहून दे म्हणावं! येतं का लिहायला?" माटसाबांनी खोचकपणे वही सरकवली.

संध्याकाळी वही परत आली. एक पान गच्च भरलेलं. माटसाबांनी चष्मा पुसला, पान उलटं धरलं, सुलटं धरलं. चौतीस वर्षं पोरांना बाराखडी शिकवलेल्या माणसाला एक अक्षर लागेना.

"ही काय मुंग्यांची वरात काढलीये?"

ती मुडिया होती, मुनिमांची हिशेबाची लिपी. नावावरून आपली मोडी आठवते, पण हिला काना नाही, मात्रा नाही, नुसती अक्षरं पळत सुटलेली. बिदामीचा बाप मुनीम. त्यानं दुपारच्या सुस्तीत लाडक्या लेकीला ती शिकवली होती. हे सासरी कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं होतं कुणी?

"बीनणी, हे देवनागरीत लिही."

टिच्‌.

"मुद्दाम करतेस?"

टिच्‌ टिच्‌.

दुसरा कुणी असता तर वही चुलीत घातली असती. पण माटसाबही कमी खाष्ट नव्हते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते काठी टेकत बाजारात गेले आणि म्हाताऱ्या गुमानमल मुनिमापुढे पाटी घेऊन बसले. गाव दात काढून हसत होतं. दीड महिन्यानं परतले ते वही काखोटीला मारून. थेट स्वैपाकघराच्या दारासमोर बाज टाकली.

पानावर एकवीस शब्द होते. अडखळत वाचू लागले आणि चेहरा तांबडा होत गेला. अर्थ कळत नव्हते, पण रोख कळत होता. सगळ्या शिव्या होत्या. एकजात म्हाताऱ्या पुरुषांना द्यायच्या.

माटसाबांनी टाक उचलला. मुदतीला नऊ दिवस उरले होते. एक शब्द मोठ्यानं वाचून म्हणाले, "हा बैलाविषयी दिसतो. आळशी बैल?"

टिच्‌.

"म्हातारा बैल?"

टिच्‌.

"मारका असणार. लिहितो मी, मारका बैल."

त्यांनी दौतीत टाक बुडवला. कोशात चुकीचं जाणार, तेही तिच्या आजीच्या तोंडचं! बिदामीच्या हातातली पळी खाली पडली.

"मारका कुठला!" ओढणीच्या आतून आवाज फुटला. "उताराला लागला की छाती काढून ओढतो, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं गाडी हाच हाकतोय. चढ आला की बसतो. तो बैल! घरोघरी एकेक असतो!"

सरुपीबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं मेले! सासऱ्याशी बोललीस? उघड तोंडानं? लाज..."

"तू गप्प गं!" माटसाब तिच्यावरच खेकसले. मान वर न करता घाईघाईनं लिहीत होते. "मध्ये बोलू नकोस. इथे भाषेचं काम चाललंय."

आत बिदामीनं कान टवकारले. बाहेर टाक थांबला, पण फार उशिरा. 'भाषा' हा शब्द तोंडातून निघून गेला होता आणि सरुपीबाईंनीही ऐकला होता.

"काय म्हणालात, बापूजी?" बिदामीनं गोड आवाजात विचारलं.

"ऐकू आलं तुला. पुढचा शब्द सांग."

सांगितले तिनं. एकेक शब्द, अर्थ, कोण कुणाला कधी म्हणतं, सगळं. माटसाब आपल्याच शिव्या सुवाच्य अक्षरात उतरवत गेले. वीस झाले. एकविसाव्यावर बोट ठेवून त्यांनी दाराकडे बघितलं.

"आणि याचा अर्थ?"

बिदामीनं ओढणी पुन्हा हनुवटीपर्यंत ओढली.

टिच्‌.