कात्रीताईंचा फोन

कात्रीताईंचं केस कापायचं दुकान जिन्याखालच्या खोलीत होतं. एक खुर्ची, एक आरसा आणि भिंतीला टेकलेलं बाकडं. खुर्चीत बसून मान खाली घातली की बाई आपोआप बोलायला लागते. कुणाची सून, कुणाचं आजारपण, सगळं ताई ऐकायच्या आणि पोटात ठेवायच्या. ‘ताईंना सांगितलं म्हणजे विहिरीत टाकलं,’ असं गल्लीतल्या बायका म्हणायच्या.

एका रविवारी धाकट्या बहिणीचा नवरा त्यांना आपल्या गाडीतून घरी सोडायला निघाला. भाऊजी मनाने चांगले, पण स्वतःच्या ड्रायव्हिंगचं भारी कौतुक. “इतकी वर्षं चालवतोय, एक ओरखडा दाखवा!” असं ताईंकडे वळून सांगताना त्यांनी गाडी नेऊन विजेच्या खांबावर घातली. बॉनेट चेपलं. ताईंनी पुढे टेकवलेल्या उजव्या मनगटातून कळ गेली.

“काही झालं नाही,” दोघंही एकमेकांना म्हणाली.

सकाळी ताईंना कात्री उघडता आली, मिटता येईना. मनगट टम्म सुजलं होतं. एक्स-रेत काही दिसलं नाही. डॉक्टरांनी पट्टा बांधून “दुखणं राहिलं तर परत या” म्हणून पाठवलं. दुकानात आल्या तर बाकड्यावर नेहमीची एक बाई बसलेली, विमा कचेरीत काम करणारी. पट्टा पाहून तिने सगळी हकीकत काढून घेतली.

“विमा आहे ना तुमचा अपघाताचा? मग कळवलंत?”

“एवढ्याशा दुखण्याला काय कळवायचं?”

“दावा करायचा की नाही ते पुढचं पुढे. आधी नुसतं कळवून ठेवा. उद्या दुखणं वाढलं आणि तुम्ही उशिरा गेलात, तर पहिला प्रश्न हाच येईल, तेव्हा का नाही सांगितलं? आणि गाडीवाल्यालाही म्हणावं, दुरुस्तीआधी कळव.”

पण कळवायचं म्हणजे भाऊजींचं नाव आलंच. त्यांना न विचारता फोन करणं ताईंना बरं वाटेना. त्या थेट बहिणीच्या घरी गेल्या. गाडी दारात नव्हती, ती ओळखीच्या गॅरेजात पोचलीसुद्धा होती.

भाऊजींचा चेहरा उतरला. “ताई, घरची गोष्ट घरात राहू द्या. चार लोकांत माझी शोभा होईल. कळवायचंच असेल तर बाथरूममध्ये घसरले म्हणा.”

“पाय घसरला नाही माझा, भाऊजी. आता जीभ घसरू देऊ?”

“म्हणजे माझ्यावर केस करणार तुम्ही!”

“केस नाही, झालं ते सांगणार. तुम्हीही सांगा.”

बहीण ओट्यापाशी पाठ करून उभी होती. ती वळली नाही. ताईंना तेच जास्त लागलं. जिना उतरताना त्यांचे डोळे भरून आले, तरी दुकानात जाऊन त्यांनी डाव्या हाताने फोन लावला. कुठे, कसं, गाडी कुणाची, कोण चालवत होतं, सगळं सांगितलं.

भाऊजींनी बोलणं टाकलं. बहिणीचा फोन यायचा, पण ते घरी नसताना.

दुखणं हटेना, म्हणून ताई पुन्हा डॉक्टरांकडे गेल्या. या खेपेला एक्स-रेत मनगटातलं बारीक हाड मोडलेलं दिसलं. ऑपरेशन झालं, दुकान कित्येक महिने बंद राहिलं. विमा कंपनीने नेहमीची चौकशी केली, पण उशिराचा प्रश्न निघालाच नाही. खर्च मिळाला. भाऊजींनी मात्र कळवलं ते बॉनेट ठोकून सरळ करून घेतल्यावर, गॅरेजचं बिल बघून हाय खाल्ली तेव्हा. पाहणीला आलेल्या माणसाला चेपलेलं काही दिसेना. त्यांचा दावा नामंजूर झाला.

तेव्हा ते ताईंच्या घरी आले. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, “मनगटाच्या व्यायामाला जायचं असतं ना तुम्हाला? मी सोडत जाईन.”

“खांब बघून चालवणार असाल तर येते,” ताई म्हणाल्या. भाऊजींना हसावं की रडावं कळेना, मग दोघंही हसली.

मनगट पुरतं पहिल्यासारखं झालं नाही. दुपारनंतर ते दुखायला लागतं, म्हणून ताई आता सकाळीच कात्री धरतात. परवा बहिणीकडे चहाला आलेल्या एका पाहुण्याची गाडी कुठेशी घासली, तर भाऊजी सगळ्यांत मोठ्याने म्हणाले, “आधी कळवा! ताईंनासुद्धा मीच सांगितलं होतं.”

बहिणीने ताईंकडे पाहिलं. ताईंनी चहाचा घोट घेतला.