दोन बोटं नसलेली मेरी

इथे परदेशात, आमच्या वेरिबी गावात जुन्या वस्तूंचा बाजार भरला होता. तिथे ती आधी मला दिसली. वीतभर उंचीची मेरीमातेची लाकडी मूर्ती, फ्रान्समधल्या कुठल्याशा खेड्यात घरच्या कोनाड्यात ठेवलेली असायची म्हणे. निळा रंग विटलेला, नाक बसकं, गावच्या सुताराने फावल्या वेळात केली असावी अशी. उजव्या हाताची दोन बोटं तुटलेली. मी उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. आई म्हणायची, खंडित मूर्ती घरात आणू नये. तेवढ्यात बरोबर आलेली मैत्रीण मागून डोकावली.

"तू घेत नाहीयेस ना? मग मी घेऊ?"

"घे की. नो वरीज."

बोलले आणि लगेच पोटात दुखायला लागलं.

तिच्याकडे मेरी टीव्हीशेजारच्या शेल्फवर गेली, आणि येईल तो तिच्यापुढे थांबू लागला. "काय नजर आहे गं तुझी," बायका मैत्रिणीला म्हणायच्या. नजर माझी होती. मी हसून बटाटेवडे खायचे आणि घरी येऊन नवऱ्यावर उगाच डाफरायचे.

मग तिच्या सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या. तिच्याकडच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी मुद्दाम त्यांच्याशेजारी बसले आणि साळसूदपणे विचारलं, "काकू, खंडित मूर्ती घरात चालते का हो?" एवढी काडी पुरली. त्या उठल्या, चष्मा लावून मेरीची बोटं बघून आल्या.

चौथ्या दिवशी मैत्रीण टॉवेलात गुंडाळलेली मेरी घेऊन माझ्या दारात उभी. "सासूबाई हटूनच बसल्यात गं. त्या परत जाईपर्यंत तू ठेवशील? प्लीज." मी ठेवली. हॉलमध्ये, सगळ्यात चांगल्या उजेडात.

सासूबाई गेल्या आणि मैत्रीण चहाला आली. आता मेरी परत मागणार म्हणून मी धास्तावले होते. तिने मेरीकडे पाहिलं.

"राहू दे तुझ्याकडेच. तुला हवी होती, मला मार्केटमध्येच कळलं होतं. तरी मी हावरटासारखी उचलली."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सासूबाईंना विचारलंस ना, ते ऐकलं मी. तेव्हा खूप राग आला होता. मग म्हटलं, जाऊ दे. साखर दे जरा."

तिला सगळं माहीत होतं. माहीत असूनही ती मेरी माझ्याच दारात घेऊन आली होती. आता मेरी माझी आहे, पण तसं जाऊ देणं मला जन्मात जमलं नसतं. तिच्याकडचं तेवढं मला अजून हवंय.