नडगीवर वळवलेली पोटरी

माझ्या ताईइतकी खुनशी बाई मी पाहिली नाही, आणि मला तिचा अभिमान आहे. अठरा वर्षं ती गोदामात खोकी भरायची. नुसतं उचलून वजन सांगायची, म्हणून सगळे तिला वजनकाटा म्हणत.

माल उचलणारी फोर्कलिफ्ट गाडी मागे येताना बझर वाजतो. मॅनेजरला फोनवर बोलताना त्याचा त्रास व्हायचा. त्याने ड्रायव्हरला वायरच कापायला लावली. आठवड्याच्या आत गाडी मुकाट मागे आली आणि पाठमोऱ्या ताईचा पाय रॅकपाशी चिरडला. साहेबांनी अहवालात काय लिहावं? बझर चालू होता, बाईचंच लक्ष नव्हतं!

नडगीवरचं मांस गेलं, हाड उघडं पडलं. सर्जनबाई म्हणाल्या, "पोटरीचा अर्धा स्नायू पुढे वळवून हाडावर घालू. वरचं टोक तोडायचं नाही, तिथूनच त्याला रक्त मिळतं. वर मांडीची कातडी लावू. स्नायू जगला तर पाय वाचेल."

"अपघाताची चौकशी दीड महिन्यावर आहे. जाता येईल?" ताईने विचारलं.

"जगला तर. कुबड्यांवर."

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी मॅनेजर हॉस्पिटलात आला. 'चूक माझी' असं ताईच्या नावाने लिहिलेला कागद फाइलवर ठेवून त्याने ती फाइल थेट बँडेजवर टेकवली, सहीला सोयीचं म्हणून! तिथे आम्ही चादरसुद्धा लागू देत नव्हतो. मी इतकी भडकले की सिस्टर धावत आली. ताईने फाइल उचलून त्याच्या हातात दिली. "चौकशीला भेटू."

सिस्टरने बँडेज सोडून पाहिलं. मांस लालच होतं, म्हणजे स्नायू जिवंत होता. मला रडू आलं.

चौकशी मॅनेजरच्या केबिनमध्ये, नुसती कागदोपत्री उरकायची होती. ताई कुबड्या टेकत आत शिरली तशी मॅनेजरचं तोंड उतरलं.

"बझर चालू आहे ना?" ती चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांना म्हणाली. "मग साहेबांना गाडीमागे पाठमोरं उभं करा. वाजला की होतील बाजूला."

सगळे आवारात गेले. ड्रायव्हरने गाडी सुरू केली. मॅनेजर उभा राहिला, पण पाठ फिरवेना. त्याला दरदरून घाम फुटला. शेवटी पुटपुटला, "वायर... जोडायची राहिलीये."

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. ताईचं तेवढ्याने भागलं नाही.

"तरी फिरा," ती म्हणाली. "माझा पाय काही पहिल्यासारखा होणार नाही. तुम्ही निदान घाबरा."

तो फिरला. गाडी जागची हलली नाही, तरी त्याचे पाय लटपटत होते. ताईने पोटभर बघितलं. मीही.