भावोजींनी शोधलेली मनोरी

माझे भावोजी बसमध्ये कधीच बसत नसत. बावीस वर्षं कंडक्टरकी केलेली. सुट्टीच्या दिवशी, रिकाम्या गाडीतसुद्धा ते दांड्याला टेकून उभेच. ताई चिडायची, "अहो, लोक बघतात. बसा ना!" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "बसलेल्या माणसाचा स्टॉप चुकतो." मुलुंडच्या त्यांच्या दोन खोल्यांत पाहुणे दाटीवाटीनं जमले, की "पुढे चला, पुढे मोकळी आहे" म्हणत ते दारातल्यांना आत घ्यायचे. सगळे हसायचे, ते मात्र नाही.

कुठून कुठे कसं जायचं, हे त्यांना तोंडपाठ असे. लग्नाला निघालेले चाळकरी आधी त्यांच्याकडे येत. कुठली गाडी, कुठे बदलायची, कुठल्या बाजूला ऊन लागत नाही, सगळं ते सांगत. "रस्ता माहीत असला ना, की माणूस अर्धा पोचला," असं म्हणत.

चाळीत पहिला रंगीत टीव्ही आला, त्या वर्षी ताईच्या पोटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हवापालट करा. गावी कोकणात न्यायचं, तर एसटीचे हादरे तिला सोसणारे नव्हते. मग भावोजींनी मनोरी शोधून काढली. मालाडच्या खाडीपलीकडचं छोटं गाव, नारळाची झाडं, समुद्राजवळ एका ख्रिस्ती बाईंची भाड्याची खोली. "मुंबईतच आहे, आणि मुंबई नाहीच," ते मला म्हणाले. ऑफिसात रजा टाकून मी सोबत निघाले.

आरे कॉलनीतल्या वळणांवर ते ताईच्या सीटला खेटून उभे होते. खड्डा आला की तिच्या खांद्यावर हात दाबून धरत. मार्व्याला खाडी ओलांडायला होडी, पलीकडे टांगा. खोलीत पोचल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं आणि खूश होऊन म्हणाले, "बघ, कुठे अडलं का काही?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईच्या पोटात कळा सुरू झाल्या. गावात डॉक्टर नव्हता. टांग्यातून तिला धक्क्यावर आणलं, तेव्हा पाच वाजले होते. अमावास्येची ओहोटी. खाडीत मधोमध पाण्याची बारीक पट्टी, बाकी सगळा चिखल. होड्या कलंडून पडलेल्या.

"सोड ना रे एक होडी! पेशंट आहे," भावोजी ओरडले.

म्हातारा होडीवाला जवळ आला. ताईकडे बघून त्यानं डोक्याचा रुमाल काढला. "पानी नाय, मास्तर. पानी येवदे, मंग नेतो."

"किती वाजता येणार?"

"येल तवा."

पलीकडे मार्व्याच्या स्टॉपवर बस उभी दिसत होती. ती सुटली. थोड्या वेळानं दुसरी आली, तीही सुटली. भावोजी गुडघाभर चिखलात उतरून गेले, अर्ध्यातून परत आले. ताईला मी मांडीवर घेतलं होतं. ते तिच्या पायाशी पायरीवर बसले आणि चिखलाच्या हातांनीच तोंड झाकून घेतलं.

दिवेलागणीला पाणी आलं. होडीवाल्यानं आम्हा तिघांनाच घेऊन होडी सोडली. पैसे घेतले नाहीत.

त्या वेळी ताई वाचली. पण दुखणं आतून वाढत होतं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, की त्या दिवशी दोन तास आधी आणली असती तरी काही फरक पडला नसता. भावोजींनी ते ऐकून मान हलवली. त्यांना ते पटलं नाही, हे मला दिसत होतं. सात महिन्यांनी ताई गेली.

वर्षश्राद्धाला मी मुलुंडला गेले होते. जेवणं आटोपली, माणसं पांगली. भावोजी भांडी पुसत होते. वर न बघता म्हणाले, "एक विचारू? तिकडे असताना, दुखायच्या आधी, ती तुला काही म्हणाली होती का? बरं वाटतंय, असं?"

पहिल्या संध्याकाळी ताई माझ्या कानाशी म्हणाली होती, "मला इथे करमत नाही गं. कधी एकदा घरी जाईन असं झालंय. यांना मात्र सांगू नकोस, किती हौसेनं आणलंय."

"म्हणाली होती," मी म्हटलं. "खूप बरं वाटतंय म्हणाली."

त्यांचा हात थांबला. "कुठे होतात तेव्हा तुम्ही? खोलीत, की समुद्रावर?"

"समुद्रावर," मी म्हटलं.

"आणि मी कुठे होतो?"

मग मला तेही सांगावं लागलं.