ताईनं निवडलेली हिमनदी

घाटावर पिंडाला कावळा शिवण्याची वाट बघत बसलेली माणसं पाहिली की मला पूर्वी त्यांची कीव यायची. मी अकोल्यातल्या एका शाळेत ग्रंथपाल होते. जन्म पुस्तकांत गेला. मेलेलं माणूस पक्ष्यातून बोलतं वगैरे मी कधीच मानलं नाही... आजही मानते असं नाही. फक्त घडलं ते लिहून काढते आहे. जमेल तसं, सावकाश.

माझी थोरली बहीण अमरावतीला असायची. तिच्या सासरचा वरूडकडे संत्र्यांचा बगीचा आहे. मेव्हणे गेल्यानंतर ती आणि तिचा मुलगा निखिल, सून, मोठ्या जाऊबाई असं घर होतं. मी अकोल्यातच, जठारपेठेत एकटी राहते. रोज दुपारी आमचा फोन व्हायचा, आणि गेल्या वर्षभरात त्या फोनवर एकच विषय होता – हिमनदी पाहायला जायचं ते कोणत्या टूरनं.

हे खूळ तिचं. कुठलासा व्हिडिओ पाहिला आणि तिनं ठरवून टाकलं. माहिती काढायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. वाचून वाचून मी तिला समजावलं की प्रकार मुख्यतः तीन असतात. स्वित्झर्लंडला ट्रेननं वर जायचं, काचेमागून हिमनदी बघायची, गरम सूप प्यायचं आणि परत. दुसरा, आइसलंडला हिमनदीसमोरच्या तळ्यात बोटीनं फिरायचं. आणि तिसरा तिथलाच – बुटांना लोखंडी खिळे लावून, कमरेला दोर बांधून, वाटाड्याबरोबर खुद्द बर्फावर चालायचं.

"काचेतूनच पाहाचं असन तं घरचा टीव्ही काय वाईट हाय?" ताई म्हणाली. "मले बरफावर पाय ठेवाचा हाय."

"आणि घसरलीस तर?"

"दोर बांधतेत ना कमरेले, बैलावानी. आपल्याले काय नवं हाय ते?"

"तुझे गुडघे, ताई..."

"माह्ये गुडघे माह्यापाशी राहू दे. तू काहून भिऊन राहिली ते सांग."

भीत मीच होते. जिन्यावरूनसुद्धा कठडा धरून उतरणारी बाई मी. पण तसं न म्हणता मी "अजून थोडं वाचते" म्हणत राहिले. घरी तिनं सांगितलं होतं की आम्ही दोघी चारधामला जाणार. "चारधाम म्हटलं का कोनी अडवत नाई," ती हसून म्हणाली होती. "बुकिंग झालं का सांगू खरं." बुकिंग झालं नाही. माझं वाचन चालूच होतं, आणि एका सकाळी पूजा करतानाच ताई गेली.

दहावा कौंडण्यपूरला, वर्धा नदीच्या काठी झाला. पिंड मांडून सगळे मागे सरकले. कडुलिंबावर कावळा होता, पण खाली येईना. निखिल हात जोडून म्हणाला, "आई, बगीचा विकणार नाही." सून म्हणाली, "आत्याबाई, तुमची पूजा मी चुकवणार नाही." कावळा ढिम्म. तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "तिचं चारधाम राहिलं नं बाप्पा. म्हन नं रे निखिल." निखिलनं तेही कबूल केलं. तरी कावळा जागचा हलला नाही.

गुरुजींनी दर्भाकडे हात नेला. कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून शिववतात आणि विधी उरकतात. जाऊबाई माझ्याकडे वळल्या. "तुमी संग जानार होत्या. तुमी म्हना बाई येकडाव."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं मला ठाऊक होतं. पण त्या माणसांत, सुतकी चेहऱ्यांसमोर, 'हिमनदी' हा शब्द तोंडातून निघेना. लोक ताईला हसतील असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मलाच लाज वाटत होती. मी एवढंच म्हणाले, "ताई, मी जाईन."

कावळा खाली उतरला. वाळूवर दोन उड्या मारून पिंडाजवळ आला, थांबला आणि मान तिरपी करून उभा राहिला. मी मनात म्हटलं – काचेमागून बघून येईन, ताई. तो उडून परत फांदीवर बसला. बोटीनं जाईन, मी म्हटलं. त्यानं पाठ फिरवली.

मी – शिकलेली, मोजून बोलणारी बाई – एका पक्ष्याशी घासाघीस करत होते. आणि तीही मेलेल्या बहिणीच्या इच्छेची.

तेवढ्यात निखिलला रडू फुटलं. "आई, पायी करीन... घोडं करणार नाही, डोली करणार नाही, सगळं पायी चढीन." आणि त्याच क्षणी मी मनात म्हटलं, बरं, खिळ्यांचे बूट घालून चालीन बर्फावर.

कावळा सरळ खाली आला आणि पिंडाला चोच लावली.

जाऊबाईंनी निखिलला पोटाशी धरलं. "लेकराचं आयकलं मायनं," त्या म्हणाल्या.

निखिल चारधामला जाऊन आला. केदारनाथ तो पायी चढला. परत आल्यावर गंगाजल द्यायला अकोल्याला आला, तेव्हा त्याचे पाय सुजलेले होते आणि चप्पल नीट बसत नव्हती. चहा घेताना त्यानं विचारलं, "मावशी, माझ्याच बोलण्यानं आला नं कावळा? आई सुटली नं?"

मी "हो" म्हणाले. वाकून त्याच्या पायांकडे बघायची हिंमत मला झाली नाही.

कावळ्याचं म्हणाल तर योगायोग म्हणता येतो. घाटावरचे कावळे माणसांना सरावलेले असतात, माणूस स्तब्ध झालं की खाली येतात. हे मी स्वतःला अनेकदा समजावलं आहे. पण मग तो उडून का गेला, पाठ का फिरवली, आणि शेवटी कोणाच्या शब्दाला आला – निखिलच्या की माझ्या? निखिलच्या शब्दाला आला असावा अशी माझी फार इच्छा आहे. पटत मात्र नाही.

टूरवाल्यांना मी कळवलं आहे – बर्फावर चालण्याची टूर. एकच सीट. तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, या वयात बोटीची जास्त कम्फर्टेबल पडेल." मी नको म्हटलं.

निखिलला अजून काही सांगितलेलं नाही. शेजारच्यांनी विचारलं, सुटकेस कशाला काढली? तर माझ्या तोंडून आपोआप निघालं – काशीला जाते आहे.