मैफलीसाठी रिकामा केलेला हॉल

मंडळी, आज राजापेठेत गाण्याच्या कार्यक्रमाला गेले होते. घरी येऊन दोन तास झाले, तरी डोकं तापलेलंच आहे.

मध्यंतरात चहा घेताना ऐंशीच्या घरातले एक काका साठच्या दशकातली अकोल्याची मैफल रंगवून सांगत होते. "मोर्णा नदीले पूर होता, तरी शाळेचा हॉल भरला होता. असे रसिक आता रायले नाहीत."

मी म्हटलं, "काका, त्या हॉलमंदी आमी रायत होतो."

पुरात आमचं घर वाहून गेलं होतं. मी सात वर्षांची होते. आमची अख्खी वस्ती त्या हॉलमध्ये होती. मैफलीच्या दुपारी गाण्याच्या मंडळाचे लोक आले आणि त्यांनी आम्हाला व्हरांड्यात काढलं. आई हात जोडून म्हणाली, "पोराले ताप आहे, त्याले तरी आत राहू द्या." कोणी ऐकलं नाही. गाणं संपेपर्यंत आम्ही झडीत भिजत बसलो.

काका म्हणाले, "पण गाणं तर ऐकाले भेटलं ना तुमाले?"

"नाही. भाऊ रडत होता, तेच ऐकत होतो," म्हटलं आणि निघून आले.

जुन्या मैफली आठवताना दाराबाहेर कोण होतं, हे तुमच्यापैकी कोणी कधी विचारलंय का?